पापणी उचलायची, पण बुबुळ उघडं पडू न देता

प्रश्न : मी डिचोलीजवळच्या एका गावात राहते. वय ६१, प्राथमिक शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. गेली तीन-चार वर्षं दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापण्या खाली उतरत चालल्या आहेत. मागच्या चवथीला गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी बांधताना वर बघायचं तर एका हाताने पापणी उचलून धरावी लागली. पोथी वाचताना ओळ अर्धी झाकल्यासारखी वाटते, संध्याकाळी कपाळ दुखतं. एके ठिकाणी दाखवलं तर म्हणाले, "जादा कातडी काढून टाकू, अर्ध्या तासाचं काम." पण माझ्या धाकट्या बहिणीने चार महिन्यांपूर्वी हीच शस्त्रक्रिया करून घेतली. तेव्हापासून सकाळी तिचे डोळे चुरचुरतात, उठल्यावर तासभर अंधूक दिसतं, चष्म्याचा नंबरही बदलला. मला सुरुवातीचा मोतीबिंदू आहे आणि डोळे कोरडे पडतात म्हणून अधूनमधून थेंब घालते. पापणीच्या शस्त्रक्रियेने बुबुळ खराब होतं का? नजर जाते का? यंदाच्या चवथीपूर्वी उरकून घेऊ का?

उत्तर : ताई, आधी तुमच्या बहिणीविषयी लिहिते, कारण तिचं थांबण्यासारखं नाही.

आज रात्री ती गाढ झोपली की घरातल्या कुणाला तरी तिच्या उशाशी जायला सांगा. मोबाईलचा टॉर्च थेट चेहऱ्यावर न मारता भिंतीवर मारायचा, म्हणजे ती जागी होणार नाही. मग वाकून बघायचं : वरची पापणी खालच्या पापणीला पूर्ण टेकली आहे, की मध्ये फट आहे? फट असेल तर त्या फटीतून डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. कधी कधी बुबुळाची खालची कडाही दिसते. एक-दोन मिलिमीटरची फट सुद्धा थोडी नव्हे. वर पंखा गरगरत असतो आणि सहा-सात तास तेवढीच पट्टी उघडी राहून सुकते. सकाळी चुरचुरणं, उठल्यावर अंधूक दिसणं आणि दिवस वर येईल तसं बरं वाटणं, हे सगळं त्या सुकलेल्या पट्टीकडे बोट दाखवतं.

शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे, अशी थोडी फट बहुतेकांना राहते. सूज असते, पापणी मिटवणारा स्नायू दुखावलेला असतो. सूज उतरली की फट भरते. पण चार महिन्यांनंतरही ती राहिली असेल तर "होईल हळूहळू" म्हणत बसू नये. तिने या आठवड्यातच नेत्रतज्ज्ञाला दाखवावं. तोवर रात्री झोपताना डोळ्यात घट्ट जेल किंवा वंगण देणारं मलम, दिवसा प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब, आणि पंख्याचा झोत तोंडावर नको. दुखणं वाढलं, उजेड सहन होईना किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर मात्र आठवड्याचीही वाट बघू नका, त्याच दिवशी गाठा. तो ठिपका बुबुळावरच्या जखमेचा असू शकतो, आणि जखम भरली तरी मागे डाग राहिला तर नजर कायमची मंदावते.

आता तुमच्याकडे येते.

ज्याला आपण बोलताना बुबुळ म्हणतो, त्याच्या पुढ्यात एक पारदर्शक काच असते. तिला कॉर्निया म्हणतात, मराठी पुस्तकांत पारपटल. पुढे मी बुबुळ म्हणेन तेव्हा बहुधा हीच काच समजा. मधोमध तिची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तर ती पारदर्शक राहते. डोळा उघडा असताना तिला प्राणवायू हवेतून मिळतो, तो अश्रूंच्या पातळ थरात विरघळून तिच्यापर्यंत पोचतो. डोळ्यात शिरणारा प्रकाश पडद्यावर आणून टेकवायचं जे काम आहे, त्यातलं सुमारे दोन तृतीयांश काम या काचेच्या पृष्ठभागाचं आहे. आतल्या भिंगाचा वाटा उरलेला. त्यामुळे हा पृष्ठभाग जरा जरी खडबडीत झाला, तरी मोतीबिंदू नसूनही अक्षरं पसरट दिसतात.

हा पृष्ठभाग गुळगुळीत ठेवते ती पापणी. दर मिनिटाला साधारण पंधरा वेळा ती खाली येते, अश्रू सारखे पसरवते, धूळ कोपऱ्याकडे लोटते. अश्रू पटकन उडून जाऊ नयेत म्हणून त्यांच्यावर तेलाचा जो तवंग लागतो, तोही पापणीच्या कडेतल्या ग्रंथींतूनच येतो. म्हणून पापणीला कात्री लावणारा माणूस पापणीइतकंच बुबुळाकडे बघणारा असला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. "अर्ध्या तासाचं काम" हे खोटं नाही. टाके घालून तेवढ्या वेळात होतंही. पण त्या अर्ध्या तासाआधीची तपासणी किती वेळ आणि किती नीट केली, यावर पुढची वीस वर्षं अवलंबून असतात.

तुम्हाला त्यांनी नेमकं काय झालंय ते सांगितलं का? पत्रात त्याबद्दल काही नाही. पापणी "उतरते" म्हणजे दोन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, कातडी सैल होऊन घडीसारखी पुढे लोंबते, पापणीची खरी कडा मात्र जागेवर असते. दुसरी, पापणी उचलणाऱ्या स्नायूची दोरीच वयाने ताणली जाते किंवा सुटते आणि कडाच खाली येते. याला टोसिस म्हणतात. खिडकीसमोर आरसा घेऊन बसा आणि एका बोटाने फक्त लोंबती कातडी हलकेच वर करा. पापणीचे केस आणि कडा बुबुळाच्या मधल्या काळ्या ठिपक्यापासून चांगली वर दिसली, तर दोष मुख्यतः कातडीचा. कातडी उचलूनही कडा ठिपक्याला टेकायला आली असेल, तर नुसती कातडी काढून तुमचं काम होणार नाही. स्नायू घट्ट करावा लागेल, आणि त्या शस्त्रक्रियेत बुबुळ उघडं राहण्याचा धोका थोडा जास्त असतो. कित्येकांत दोन्ही एकत्र असतात. भुवईच खाली घसरलेली असेल तर ते तिसरंच. संध्याकाळी तुमचं कपाळ दुखतं, त्याचं कारण बहुतेक हेच : दिवसभर कपाळाच्या स्नायूने भुवया वर ओढून तुम्ही बघत असता.

एक गोष्ट मात्र विचारायलाच हवी. पापणी सकाळी बरी आणि संध्याकाळी फार खाली, असं होतं का? एकाची दोन दिसतात का? गिळताना, बोलताना दम लागतो का? तसं असेल तर मायस्थेनिया नावाच्या, स्नायू लवकर थकवणाऱ्या आजाराची तपासणी आधी झाली पाहिजे. त्यात औषध लागतं, कात्री नव्हे. आणि कुणाचीही एक पापणी अचानक, एका-दोन दिवसांत पडली, सोबत डोकं दुखतंय, दोन दिसतंय, बाहुली मोठी झालीय, तर थेट गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत. मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा शिरेवर दाबत असेल तर तिथे तासांचा प्रश्न असतो.

आता कोरडेपणा. तुमच्या पत्रातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटलेली ओळ तीच, आणि तुम्ही ती शेवटी, सहज लिहिली आहे. शस्त्रक्रियेनंतर डोळा आधीपेक्षा जास्त उघडतो. उघडा भाग वाढला की अश्रू जास्त उडतात. उघडझाप काही दिवस अर्धवट होते. ज्याच्याकडे मुळात पाणी पुरेसं आहे, त्याला हे चार-सहा आठवडे थेंब घालून निभावतं. ज्याच्याकडे आधीच तुटवडा आहे, त्याचं बिघडतं. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी तुमच्या डोळ्यांचा कोरडेपणा मोजून घ्या.

तपासणी कशी असते तेही सांगते, म्हणजे झाली की नाही ते तुम्हालाच कळेल. शिर्मर नावाच्या चाचणीत खालच्या पापणीत टीपकागदाची एक बारीक पट्टी अडकवतात आणि पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजते ते बघतात. पाचपेक्षा कमी भिजली तर पाणी फारच कमी. मग केशरी रंगाची पट्टी ओली करून डोळ्याला टेकवतात आणि स्लिट लॅम्प नावाच्या, डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राच्या निळ्या उजेडात बघतात. निरोगी बुबुळावर हिरवट थर सारखा पसरलेला दिसतो. जिथे पृष्ठभाग सोलवटला आहे तिथे हिरवे ठिपके उमटतात, भातुकलीच्या ताटलीत रवा सांडावा तसे. ते बुबुळाच्या खालच्या एक तृतीयांश भागात रांगेने दिसले, की मी रोग्याला विचारण्याआधीच ओळखते की रात्री डोळा पूर्ण मिटत नाही. त्यानंतर डॉक्टर तुम्हाला डोळे हलके मिटायला सांगतील आणि पापणी उचलून बघतील, बुबुळ वर सरकतं का. बहुतेकांचं सरकतं. झोपेत पापणी थोडी उघडी राहिली तरी त्यामुळे बुबुळ आडोशाला असतं. ज्याचं सरकत नाही, त्याच्या पापणीशी फार जपून वागावं लागतं. कापसाच्या टोकाने बुबुळाची संवेदनाही बघतात. मधुमेह फार जुना असेल, डोळ्याला कधी नागीण झाली असेल किंवा लेसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायची लेझर शस्त्रक्रिया, झालेलं असेल तर ती कमी असू शकते, आणि मग खुपलेलं कळतच नाही. लेसिकनंतर निदान सहा महिने तरी पापणीला हात लावू नये.

फोंड्याकडचे एक कुळागरवाले गृहस्थ माझ्याकडे आले होते. दोन्ही पापण्यांची कातडी लोंबून पोफळीच्या शेंड्याकडे नजर जाईना. तपासताना कळलं की बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या बाजूला चेहऱ्याचा लकवा होऊन गेला होता. "तो तर कधीच बरा झाला," ते म्हणाले. चेहरा सरळ दिसत होता खरा, पण डोळे घट्ट मिटा म्हटलं की उजवी पापणी माझ्या बोटाने सहज उघडत होती. निळ्या उजेडात बुबुळाच्या तळाशी ठिपके. मी त्यांना दोनदा परत पाठवलं, ते चिडलेही. अडीच महिने रात्री मलम, दिवसा थेंब, आणि मळ्यात जाताना बाजूने बंद चष्मा. मग डावी पापणी नीट केली आणि उजवीची फक्त बाहेरच्या कोपऱ्याकडची घडी काढली, बेताने. दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या नाहीत दिसत. त्यांना शेंडे दिसतात आणि झोपेत डोळा मिटतो, मला तेवढं पुरे आहे.

बेताने म्हणजे किती, तेही विचारा. भुवईच्या खालच्या कडेपासून पापणीच्या केसांपर्यंत साधारण २० मिलिमीटर कातडी शिल्लक राहिली पाहिजे, असा ढोबळ हिशेब शल्यविशारद धरतात. कमी काढली तर पुन्हा थोडी काढता येते. जास्त काढली तर दुसरीकडची कातडी आणून कलम करावं लागतं. तुमच्या बहिणीची फट मालिश आणि मलमाने भरली नाही तर तिच्या डॉक्टरांना त्या दिशेने विचार करावा लागेल. म्हणून ती गोष्ट आधी तज्ज्ञाने बघू दे. सोनारानेच कान टोचावे म्हणतात ना, तसं पापणीचं काम नेत्रशल्यविशारदाचं, त्यातही शक्य असेल तर ऑक्युलोप्लास्टीचं, म्हणजे पापण्यांच्या शस्त्रक्रियेचं खास शिक्षण घेतलेल्याचं.

बहिणीचा नंबर का बदलला, याचंही उत्तर बुबुळातच आहे. लोंबती, जड पापणी वर्षानुवर्षं काचेच्या वरच्या भागावर टेकून असते, आणि त्या दाबाने काचेचा गोलावा किंचित बदललेला असतो. पापणी उचलली की तो दाब जातो, गोलावा पुन्हा जागा शोधतो. यात मुख्यतः सिलिंडरचा नंबर, म्हणजे गोलावा सगळीकडे सारखा नसल्याने लागणारा, आणि त्याचा ॲक्सिस म्हणजे कोन हलतो. बहुतेकांत हा बदल अर्ध्या नंबराच्या आत असतो, थोड्यांत एक किंवा त्याहून जास्त. हे बुबुळ खराब होणं नव्हे. दोन-तीन महिन्यांत ते स्थिरावतं. मात्र शस्त्रक्रियेनंतर पंधरा दिवसांतच दुकानात जाऊन महागडा प्रोग्रेसिव्ह चष्मा करून घेतला, तर ते पैसे पाण्यात. सुजेमुळे आणि मलमामुळेही त्या दिवसांत अंधूक दिसतंच.

आणि इथेच तुमचा मोतीबिंदू मध्ये येतो. मोतीबिंदूत आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढायला कॉर्नियाचा गोलावा मोजावा लागतो. आज मोजून भिंग बसवलं आणि नंतर पापणीने तो गोलावा बदलला, तर हिशेब थोडा चुकतो. साधं भिंग असेल तर चष्म्याने भागतं. सिलिंडर घालवणारं टोरिक किंवा जवळ-दूर दोन्हीचं महाग भिंग घ्यायचा विचार असेल तर चुकणं जाणवतं. तुमचा मोतीबिंदू सुरुवातीचाच आहे, तेव्हा माझ्या मते क्रम असा : कोरडेपणाचा उपचार, मग पापणी, मग तीन महिने थांबून पुन्हा मोजमाप आणि त्यानंतर मोतीबिंदू. काही चांगले डॉक्टर उलट क्रम सांगतील, त्यालाही कारण आहे. मोतीबिंदूच्या वेळी डोळा उघडा ठेवायला जो चिमटा लावतात, त्याने कधी कधी पापणी आणखी उतरते, म्हणून पापणी शेवटी करावी असं त्यांना वाटतं. तुमचा मोतीबिंदू पिकलेला असता तर मीही तेच म्हटलं असतं. दोन्ही लागोपाठ, एकाच महिन्यात मात्र नको. मोतीबिंदूचा छेद कॉर्नियाच्या कडेच्या बारीक नसा कापतो आणि त्याने काही दिवस कोरडेपणा वाढतोच.

नजर जाते का, हे तुम्ही सरळ विचारलंत, सरळच सांगते. जाऊ शकते, पण फार फार क्वचित, हजारो शस्त्रक्रियांत एखादी. ते बुबुळामुळे नव्हे, तर डोळ्यामागे रक्त साठून डोळ्याच्या शिरेवर दाब आल्यामुळे. बहुधा पहिल्या २४ तासांत होतं. डोळा दगडासारखा कडक होतो, पुढे येतो, ठणका असह्य होतो, दिसणं झपाट्याने कमी होतं. असं काही वाटलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी ताबडतोब डॉक्टर. टाके सैल करून, डोळ्याच्या कोपऱ्याला छेद देऊन तो दाब उतरवता येतो, पण मिनिटं मोजून. पहिल्या रात्री डोळ्यावर जाड पट्टी बांधून दिसणं तपासता येणार नाही अशी व्यवस्था मला आवडत नाही. घरच्यांनी तासा-तासाने एकेक डोळा झाकून "किती बोटं?" विचारावं. रक्त पातळ करणारी गोळी, ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, घेत असाल तर ती आधीच सांगा. स्वतःहून बंदही करू नका. ज्यांनी ती हृदयासाठी दिली त्यांनाच विचारून ठरवायचं.

हे सगळं वाचून घाबरून शस्त्रक्रियेचा विचार सोडून देऊ नका. योग्य माणसाला योग्य पापणीची शस्त्रक्रिया केली की वरची नजर मोकळी होते, कपाळाचा ताण जातो, वाचन सुधारतं. तुम्हाला किती फायदा होईल ते आधी बघताही येतं. नजरेच्या फील्डची, म्हणजे समोर बघताना वर-खाली आणि बाजूंना कुठवर दिसतं त्याची, तपासणी दोनदा करतात, एकदा पापणी आहे तशी आणि एकदा चिकटपट्टीने वर उचलून. दोन्ही कागद शेजारी ठेवले की वरचा काळा भाग किती उजळला ते कुणालाही दिसतं. फरक दिसला नाही तर तुमचं दुखणं पापणीचं नाही. विमा असेल तर कंपन्या बहुधा हाच कागद आणि फोटो मागतात, कारण निव्वळ दिसण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचे पैसे त्या देत नाहीत.

आता चवथ. चवथीच्या आधी नको, ताई. टाके साधारण आठवड्याने निघतात, काळे-निळे डाग जायला दोन आठवडे तरी लागतात, आणि पहिल्या पंधरवड्यात वाकणं, वजन उचलणं, चुलीचा धूर, फटाक्यांचा धूर, स्कूटरवर उघड्या तोंडाने वारा घेणं, यांतलं काहीच चालत नाही. चवथीला यांतलं काय टळेल तुमच्याकडे? नेवऱ्या तळायच्या, पाहुण्यांचं बघायचं, विसर्जनाला नदीवर जायचं. त्यात कोरडे डोळे. यंदा माटोळी मुलांना बांधू द्या, तुम्ही खुर्चीत बसून कुठे काय टांगायचं ते सांगा. मधले महिने थेंब अधूनमधून न घालता दिवसातून चार वेळा नेमाने घाला आणि सकाळी कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पापण्यांच्या कडा पाच मिनिटं शेका, म्हणजे त्यातलं तेल मोकळं होईल. मग पावसाळा सरल्यावर पुन्हा तपासणी. हिरवे ठिपके गेलेले असले तर तारीख घ्या.

तपासणीला जाताना चष्म्याचे जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटं आणि दहा-बारा वर्षांपूर्वीचा एक स्पष्ट फोटो बरोबर न्या, शाळेच्या स्नेहसंमेलनातला असला तरी चालेल. पापणी तेव्हा कुठे होती हे त्या फोटोत दिसतं, आणि कुठवर उचलायची ते ठरवताना डॉक्टर तो फोटो बघतात. बहिणीलाही त्याच दिवशी सोबत नेऊ नका. तिने त्याआधीच गेलेलं असायला हवं.